हजार वीस

टायरवर लिहिलेले आकडे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, बहुतेकांना येत नाहीत. फरक एवढाच, की माझे बाबा एकतीस वर्षं एसटीच्या टायर सेक्शनला होते.

विठ्ठलवाडी डेपो. १९८६ ला लागले, २०१७ ला रिटायर झाले. संध्याकाळी घरी आले की आधी रबराचा वास यायचा आणि मागून बाबा. शाळेत कुणी विचारलं तर मी 'बाबा एसटीत आहेत' एवढंच सांगायचो. 'ड्रायव्हर का रे?' असं पुढे आलं की 'नाही, ऑफिसला.' हे बाबांना माहीत होतं का, मला अजून माहीत नाही. त्यांच्या तोंडी दोन शब्द कायम असायचे, 'नऊशे वीस' आणि 'हजार वीस'. मला वाटायचं बसचे नंबर असतील.

मी जिम्नी घेतली २०२४ च्या जानेवारीत. घरी कारण सांगितलं आत्याचं. आत्या मुरबाड तालुक्यात राहते, धसईच्या पुढे. शेवटचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता, पावसाळ्यात त्याला रस्ता म्हणणं हाही उपकार. तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तपासणीला तिला कल्याणला आणावं लागायचं. रिक्षावाले वाडीपर्यंत येत नाहीत. कारण खरंच होतं, पण मुख्य कारण नव्हतं. मुख्य कारण म्हणजे दोन वर्षं रात्री झोपताना बघितलेल्या रील्स.

जिम्नी समोरून रणगाडा दिसते आणि मागून खेळणं, असं माझा मित्र म्हणतो. त्याच्याकडे थार आहे. तिची चाकं २५५/६५ आर १८. घरडा सर्कलजवळ चहाला थांबलो की दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहायच्या आणि माझी गाडी दादाच्या लग्नात सूट घातलेल्या धाकट्या भावासारखी दिसायची. सगळा दोष टायरचा. कंपनीने दिलेलं टायर १९५/८० आर १५. मोठ्या चौकोनी अंगाखाली काटकुळी चाकं.

तर आकडे. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे. तिसरा रिमचा व्यास, इंचात. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तिन्ही मापं कोंबणाऱ्या माणसाला शाळेत कधी छडी बसली नसणार. पण गणित सातवीचंच आहे. १९५ चे ८० टक्के १५६. भिंत वर आणि खाली अशी दोनदा येते, म्हणून ३१२. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. बेरीज ६९३. एवढ्या व्यासाचं चाक.

मला हवं होतं २३५/७५ आर १५. त्याची बेरीज येते ७३३.५. चाळीस मिलिमीटर मोठं चाक, म्हणजे गाडी वीस मिलिमीटर उंच. कागदावर हे मी ऑफिसमध्ये, वागळे इस्टेटला, लंच टाइममध्ये मांडलं होतं. अडचण एवढीच की जिम्नीचं मूळ रिम साडेपाच इंच रुंद आहे आणि २३५ च्या टायरला किमान सहा इंचाचं रिम लागतं. म्हणजे टायर बदलायचं तर चाकंही बदलायची. ही अडचण नव्हतीच खरं तर. मला चाकंही हवीच होती.

घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात गेलो. काळी, खोलगट, सात इंच रुंद मॅगव्हील्स भिंतीवर टांगलेली. दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, मायनस टेन ऑफसेट घ्या, गाडी चौडी दिसेल." ऑफसेट म्हणजे चाक जिथे गाडीला बोल्टने बसतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे. जिम्नीला ती अधिक पाच असते. उणे दहा घेतलं आणि रिमही दीड इंचाने रुंद केलं, तर चाकाची बाहेरची कड चौतीस मिलिमीटर बाहेर येते. आत फक्त चार. हा हिशोब मी नंतर मांडला. दुकानात मी फक्त 'चौडी' हा शब्द ऐकला होता.

पाच चाकं, पाच टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. सव्वा लाखाच्या आसपास. माणकोलीच्या पुलावरून डोंबिवलीत येताना मी दर सिग्नलला दुकानांच्या काचांत गाडी बघत होतो.

बाबा खाली आले. एकदा गाडीभोवती फिरले. वाकून टायरचा आकडा वाचला, मग रिमच्या मागे हात घालून काहीतरी चाचपलं. म्हणाले, "जुनी कुठे आहेत?"

"गॅलरीत ठेवतो."

"ठेव." आणि वर गेले.

त्यानंतरचे चार महिने मी कुणालाही सांगितले नाहीत, म्हणून इथे सांगतो. पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या रॅम्पवर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून खर्र आवाज यायला लागला. टायर आतल्या प्लास्टिकला घासत होतं. गॅरेजवाल्याने ते प्लास्टिक कापून दिलं. सत्तर-पंचाहत्तरला स्टिअरिंग थरथरायचं. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग अॅक्सल आहे, कधीकाळच्या जिप्सीसारखा, आणि असल्या गाडीत चाकाचं वजन आणि बाहेर निघालेली कड स्टिअरिंगला लगेच कळते. चढावर चौथ्याचा तिसरा गिअर करावा लागायला लागला. दीड लिटरचं इंजिन, चाक सहा टक्के मोठं झालं की प्रत्येक गिअर तेवढाच उंच झाल्यासारखा होतो. अॅव्हरेज पंधरावरून साडेबारावर आलं. यातही एक गंमत आहे. चाक मोठं झालं की गाडीला आपण किती चाललो ते कमी वाटतं, शंभर दाखवते तेव्हा जवळपास एकशे सहा झालेले असतात. म्हणजे अॅव्हरेज खरं तर सव्वातेरा होतं. हे कळल्यावर मला दोन दिवस बरं वाटलं होतं. मग लक्षात आलं, काटा ऐंशीवर असतो तेव्हा मीही ऐंशीवर नसतोच, चौऱ्याऐंशीच्या पुढे असतो. कंपन्या काटा मुळात थोडा चढाच ठेवतात, म्हणून यातला काही भाग त्यात जिरत असेल. पण भरवसा गेला तो गेलाच.

कायद्याचंही नंतर वाचलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. एमएच ०५ असो की एमएच ०४, पोलिसांनी मला कधी अडवलं नाही. पण अपघात झाला तर विम्यावाला माझ्या चाकांकडे बघून काय म्हणेल, हा प्रश्न डोक्यात घेऊन गाडी चालवण्यात मजा नसते.

मे महिन्याच्या शेवटी आत्याला आणायला गेलो. वळवाचा पाऊस पडून गेला होता. गाडी कच्च्या रस्त्यावरून आरामात गेली, मी खूश. वाडीत पोचलो तर दोन्ही बाजूंचे दरवाजे चिखलाने भरलेले. टायर मडगार्डच्या बाहेर आलं की चिखल अडवायला काही उरत नाही, सगळा मागे दरवाज्यांवर उडतो. आत्या आधी पाटावर पाय ठेवून आत बसायची. तिचा पाय नेमका तेवढाच उचलला जायचा. वीस मिलिमीटर म्हणजे अंगठ्याची जाडी. त्या दिवशी तिचा पाय उंबऱ्याला अडकला, तिने तोल सावरायला दार धरलं, आणि कल्याणला डॉक्टरांकडे जायला नेसलेलं तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत लाल चिखलात. ती हसली. म्हणाली, "तुझ्या गाडीनं मला लावणीला लावलं की रे." बाबा मागच्या सीटवर होते, काही बोलले नाहीत. मी तेव्हा गाडी अजून दोन इंच उंच करायचं किट कार्टमध्ये टाकून ठेवलं होतं. घरी जाऊन ते काढलं.

जूनअखेर, कल्याण-शीळ रस्ता, काटई नाक्याच्या अलीकडे. संध्याकाळचे साडेसात, पाऊस. काँक्रीट संपून पेव्हर ब्लॉकचा तुकडा लागतो, तिथे पुढचा बाइकवाला पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेला आणि आडवा झाला. मी ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची धडधड लागली आणि गाडी थांबतच नव्हती. थांबली तेव्हा त्याच्या पाठीवरची सॅक आणि माझा बंपर यात हातभर अंतर असेल. तो उठला, त्याने बाइक उचलली आणि गाडीच्या चाकांकडे बघितलं. माझ्याकडे नाही, चाकांकडे.

टायरमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पाऊस होता, माझं अंतर कमी होतं. पण रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतं, माझ्या टायरच्या मोठमोठ्या ठोकळ्यांचा ओल्या काँक्रीटवर टेकणारा भाग कमी, आणि जड चाक थांबायला वेळ घेतं. यातलं किती कुणाचं, ते मोजायला मी परत तिथे जाणार नव्हतो. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणच्या खड्ड्यांत माणसं गेली ते आम्ही इथले सगळे लक्षात ठेवून आहोत. तेव्हा आम्ही महापालिकेला शिव्या दिल्या होत्या. मागून येणाऱ्या गाडीचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

त्या रात्री बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "उद्या एक चाक काढ. आणि गॅलरीतलं एक घे."

मागच्या गल्लीत भंगारवाला आहे. बाबांनी त्याच्या काट्यावर आधी जुनं चाक ठेवलं, टायरसकट. एकोणीस किलो दोनशे. मग नवं. सव्वीस किलो चारशे. भंगारवाल्याला वाटलं आम्ही विकायला आलोय, त्याने भाव सांगायला सुरुवातही केली.

"सात किलो," बाबा म्हणाले. "पाच चाकांचे छत्तीस. सातवीतलं पोर."

"बाबा, डिकीत छत्तीस किलोची बॅग असतेच की कधीकधी."

"बॅग फिरते का?" मग त्यांनी खिशातला रुमाल काढला, त्याला किल्ल्यांचा जुडगा बांधला आणि गोफणीसारखा फिरवून मला म्हणाले, आता थांबव. भंगारवाला बघत होता, भाजीवाली बघत होती. मी थांबवला. बोटावर किल्ली बसली.

परत येताना ते पहिल्यांदा त्यांच्या कामाबद्दल बोलले. म्हणजे पूर्वीही बोलले असतील, मी पहिल्यांदा ऐकलं. हजार वीस म्हणजे दहा इंच रुंद टायर, वीस इंचाचं रिम. दहा पॉइंट शून्य शून्य, म्हणून हजार. नऊशे वीस म्हणजे नऊ इंच. बसला मागे एका बाजूला दोन-दोन टायर असतात. ती दोन्ही एकाच कंपनीची, एकाच मापाची असून भागत नाही, झिजही सारखी लागते. एक थोडं मोठं असलं तर सगळं वजन तेच उचलतं आणि तापतं, धाकटं नुसतं रस्त्यावर फरफटत जातं. म्हणून जोड्या लावायच्या. रात्रपाळीला बाबा टेप घेऊन टायरचा घेर मोजत जोड्या लावत बसायचे. आमच्या डेपोत रिमोल्ड केलेलं टायर पुढे कधी लावू दिलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पुढचं फुटलं तर ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. प्रत्येक टायरचं कार्ड असायचं, कुठल्या गाडीला लागलं, किती किलोमीटर चाललं, कधी काढलं.

"माळशेजच्या घाटातून गाडी उतरायची ना रात्रीची, पन्नास माणसं झोपलेली," ते म्हणाले, "तेव्हा मी घरी असायचो. पण झोप नाही यायची."

माझ्या गाडीलाही तोच नियम लागू होतो, हे मला रस्त्यातच उमगलं. जिम्नीचं फोर व्हील ड्राइव्ह टाकलं की पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना बांधले जातात. चारही चाकांचा घेर सारखा नसेल तर कडक रस्त्यावर ती एकमेकांशी भांडतात आणि भांडण आतल्या गिअरवर निघतं. स्टेपनीसुद्धा सारखी झिजवावी लागते, चाकं फिरवताना तिलाही फेरीत घ्यावं लागतं.

याचा अर्थ बाबांचं सगळं बरोबर होतं असा नाही. जुनी चाकं परत लावल्यावर त्यांनी परस्पर चाळीस पौंड हवा भरून आणली. रेडियल टायर खाली थोडं फुगलेलं दिसतं, ते त्यांना बघवेना. गाडी खड्ड्यांवरून बेडकासारखी उड्या मारायला लागली. दाराच्या खांबावरचं कंपनीचं स्टिकर दाखवलं तेव्हा म्हणाले, "लिहिलंय खरं." मग जुलैत आत्याकडे जाताना कच्चा रस्ता सुरू झाला तिथे मी उतरून चारही टायरमधली हवा अठरा पौंडांवर आणली. बाबा अक्षरशः ओरडले. भर पावसात हवा सोडणारा माणूस त्यांनी नोकरीत बघितला नव्हता. मी म्हटलं, खाली उतरून बघा. हवा कमी झाल्यावर टायर रुंदीला फारसं पसरत नाही, लांबीला पसरतं, चिखलावर त्याचा ठसा लांब होतो. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. काटकुळ्या १९५ वर आम्ही वाडीपर्यंत गेलो, दोनदा घसरलो, अडकलो नाही. येताना डांबरी रस्ता लागायच्या आधी बारा व्होल्टच्या पंपाने हवा परत भरली. तो पंप बाबांनी हातात धरला होता.

जपानमध्ये छोट्या इंजिनाची जी जिम्नी विकतात तिला १७५ चं टायर असतं. आमच्यापेक्षाही वीस मिलिमीटर बारीक. हे मी मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, तिथे घरडा सर्कल नाही.

तरीही टायर बदलायचंच होतं. कंपनीचं टायर हायवेचं, त्याच्या खाचा चिखलाने भरल्या की ते गुळगुळीत होतं. ऑल टेरेन हवं होतं आणि १९५/८० मध्ये त्यात फारशी निवड नव्हती. मी चार पर्याय एक्सेलमध्ये मांडले. बाबांनी एक्सेल बघितलं नाही. त्यांनी विचारलं, "यातलं मुरबाडला कुठलं मिळेल?"

हा कॉलम माझ्याकडे नव्हता. रात्री नऊ वाजता धसईच्या अलीकडे टायर चिरलं आणि स्टेपनीही गेली, तर? २३५ चं ऑल टेरेन ठाण्याहून मागवावं लागेल. पण २१५/७५ आर १५ हे बोलेरोचं माप आहे आणि मुरबाड तालुका बोलेरोवर चालतो. ते टायर कुठल्याही दुकानात पडलेलं असतं, नसेल तर कुणाच्या तरी गोठ्यात असतं. त्याची बेरीज ७०३.५. मूळ चाकापेक्षा साडेदहा मिलिमीटर मोठं, गाडी पाच मिलिमीटर उंच, काट्यात दीड टक्क्याचा फरक. साडेपाच इंचाच्या मूळ रिमवर बसतं. मडगार्डच्या आत राहतं.

या वेळी दुकानात बाबा बरोबर होते. त्यांनी प्रत्येक टायर उभं करून बाजूवरचे चार आकडे वाचले, आधीचे दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. पाचांतलं एक दोन वर्षं जुनं निघालं. दुकानदार म्हणाला, "काका, नवंच आहे, रस्त्यावर उतरलेलं नाही." बाबा म्हणाले, "रबर आहे. लोणचं नाही." ते बदलून मिळालं.

काळी मॅगव्हील्स बदलापूरच्या एका मुलाला विकली, निम्म्याहून कमी किमतीत, टायरसकट. त्याला सगळं सांगितलं, वजन, ऑफसेट, खर्र आवाज, काटईचा प्रसंगही. त्याने नीट ऐकलं आणि विचारलं, "पण दिसते कडक ना?" मी म्हटलं, दिसते.

बाबांच्या मते १९५ च ठेवायला हवं होतं, निव्वळ खाचांसाठी एवढा खर्च कशाला. आत्या आता परत पाटावरून चढते. पाच मिलिमीटरचा फरक तिला कळतो का, विचारलं नाही.

मागच्या रविवारी सर्व्हिसिंगची पावती शोधताना ग्लव्ह बॉक्समध्ये दोनशे पानी वही सापडली. पहिल्या पानावर बाबांच्या अक्षरात आडव्या-उभ्या रेघा, पाच रांगा. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं, प्रत्येकासमोर चार आकड्यांचा कोड, लावल्याची तारीख, किलोमीटर. पाचव्या रांगेत स्टेपनी. तिच्यापुढे शून्य, आणि कंसात पेन्सिलीने: ऑक्टोबरात खाली घेणे.